कांदेनवमीला आलेला कंद

मी एक जुना कंद आहे. सुपारीहून थोडा मोठा, काळपट, अंगावर दाढीसारखी मुळं. मित्रांनो, मला नुसतं पाहिलंत तर तुम्ही नाक मुरडाल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. देवानं सगळं रूप माझ्या पानांना दिलं. लांब, हिरवीगार, कडांना बारीक चुण्या असलेली पानं. माझ्याकडे त्यानं एकच काम सोपवलं: साठवून ठेवायचं आणि वाट पाहायची.

जळगावात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या खोलीत, अडीच फुटी काचेच्या टाकीत मी राहतो. खाली तापीची धुतलेली वाळू आहे. वर मासे फिरत असतात: दहा-बारा गप्पी, दोन काळ्या मॉली आणि एक पोटसुटा गौरामी. त्याला घरात सगळे 'शेठ' म्हणतात.

माझा जन्म मात्र फार दूरचा, दक्षिणेकडच्या एका रोपवाटिकेतल्या हौदातला. आईच्या फुलातून बी गळलं, थोडा वेळ पाण्यावर तरंगलं आणि तळाशी जाऊन रुजलं. ते बी म्हणजे मी. दोन वर्षांत मी चांगला गुबगुबीत झालो. मग एक दिवस माणसांनी माझी पानं छाटली, मला सुकवलं आणि भुशाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. त्या अंधारात मला वाटलं, संपलं सगळं. पण नाही. मी धुळ्याला पोचलो, बसस्टँडजवळच्या नीलेशच्या मत्स्यालयाच्या दुकानात.

तिथं आषाढात एक दिवस पितांबरनाना आले. शाळेतल्या प्रयोगशाळेची नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, चष्मा दोरीला बांधलेले. एका साखरपुड्याला धुळ्याला आले होते आणि जेवण होताच हळूच सटकून दुकानात शिरले होते.

"नाना, हाऊ काय साधा कांदा नही," नीलेश म्हणाला. "पानीमा टाका, पंधरा दिनमा पानं फुटतीन. नशीब ऱ्हायनं तं फूल बी येई."

"याला म्हणतात काय?"

"बल्ब म्हणतस नाना. नाव लिखेल शे पिशवीवर."

नाना मला खिशात घालून एसटीत बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. खिशातल्या खिशात मी हिंदकळत होतो, आणि सुकलेला असूनही मला उगाच आनंद होत होता.

घरात शिरलो तेव्हा कांद्याचा असा घमघमाट सुटला होता की विचारू नका. त्या दिवशी कांदेनवमी होती. दोन दिवसांनी आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास लागणार. मग चार महिने या घरात कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. म्हणून नवमीला घरातला उरलासुरला कांदा संपवून टाकायचा. कढईत भजी तळली जात होती, विस्तवावर वांगी भाजत होती. नानांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि ते हातपाय धुवायला गेले. तेवढ्यात एका हातानं मला पिशवीतून काढलं, पाटावर ठेवलं आणि माझ्या अंगावर विळीची धार आली.

मित्रांनो, तो हात कुंदाबाईंचा होता. नानांच्या पत्नी. पुढं ज्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्यांची नि माझी पहिली भेट ही अशी झाली.

"अवं थांब! कांदा नाही तो!" नाना ओल्या पायांनी धावले. "बल्ब आहे, बल्ब!"

कुंदाबाईंनी मला उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. "बल्ब? मग होल्डर कुठी आहे याचं?"

"पाण्यात लावायचा बल्ब आहे."

"अहो, पाण्यात? करंट बसीन त्या माशायले!"

नाना हसता हसता मोडक्या खुर्चीवर बसले. सगळं समजावून झालं, तरी कुंदाबाईंची शंका काही फिटेना. परवापासून घरात कांदा ठेवायचा नाही, आणि हे दिसतं तर कांद्यासारखंच. शेवटी त्यांनी मला नाकाशी धरलं, डोळे मिटून वास घेतला. कांद्याचा वास नव्हता, ओल्या भुशाचा होता.

"हं. कंद आहे हा," त्यांनी निकाल दिला. "रताळ्यासारखा. राहू द्या, उपासाले चालते."

पिशवीवर लिहिलं होतं, 'अ‍ॅपोनोजेटन'. कुंदाबाईंनी चष्म्याशिवाय ते वाचलं, 'आपणो जतन'. म्हणाल्या, "नाव चांगलं आहे. म्हणजे आपणच जतन कराचं."

तेव्हापासून मी त्या घरातला जतन झालो.

आता कुंदाबाईंची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढं सगळं त्यावरच अवलंबून आहे. लग्न होऊन त्या यावलजवळच्या गावी आल्या, तेव्हापासून त्यांचं एक व्रत होतं. चातुर्मासात रोज एक फूल देवघरातल्या बाळकृष्णाला वाहायचं, आणि ते विकतचं नाही, दुसऱ्याच्या कुंपणातलं नाही, आपल्या हातानं पाणी घालून वाढवलेलं. केळीच्या बागेच्या बांधावर त्यांची कण्हेर होती, जास्वंद होती, मोगरा होता. फुलं इतकी की देव झाकून जायचा. पण नानांचे गुडघे गेले, शेती पुतण्याकडे दिली आणि दोघं जळगावच्या या घरात राहायला आले. बाल्कनीसमोर दुसरी इमारत. ऊन येतं ते चमचाभर. मोगऱ्यानं पानंच काढली. जास्वंदीनं कळ्या धरल्या आणि गाळल्या. मागचा सबंध चातुर्मास कुंदाबाईंनी तुळशीच्या पानावर काढला.

देव रागावला नव्हता. देव काही तसा नसतो. पण कुंदाबाईंच्या जिवाला लागलं होतं. शेजारच्या धुरपदाबाई त्यांना म्हणायच्या, "कुंदाबाई, उद्यापन करून टाका आता. फ्लॅटात काय उगतं, ते देवाले बी माहीत आहे."

म्हणून या वर्षी आषाढीला कुंदाबाईंनी देवापुढं हात जोडून हळूच सांगितलं, "या चार महिन्यांत माझ्या हातचं एक तरी फूल तुझ्या पायाशी आलं, तर व्रत चालू ठेवीन. कार्तिकी एकादशीपर्यंत नाही आलं, तर उद्यापन करून मोकळी होईन."

देवघर पुढच्याच खोलीत, माझ्यासमोर. मी ते ऐकलं. तेव्हा मला एकही पान नव्हतं, पण आत काहीतरी हललं.

पंधरा दिवसांत मला पानं फुटली. नानांचा जीव टाकीवर फार. फार म्हणजे नको इतका. सकाळी दाणे, दुपारी दाणे, जाता येता चिमूटभर दाणे. दिवा पहाटेपासून झोपेपर्यंत चालू. काचेवर हिरवं शेवाळ, माझ्या पानांवर शेवाळ, पाणी मुगाच्या वरणासारखं. नाना काच घासायचे नि म्हणायचे, "काय झालं कळत नाही."

कुंदाबाईंना मात्र एकच गोष्ट खटकली होती. "अहो, आज एकादशी. आपण दोघं उपाशी आणि तुमचे मासे पंगत जेवू राह्यले?"

"अवं, माशांना कसली एकादशी?"

"घर एक, तर नेम एक."

त्या दिवसापासून दर एकादशीला माशांनाही कडक उपास. शेठ काचेला नाक लावून कुंदाबाईंकडे असा बघायचा, की जणू त्याचं घर लुटलंय. पण दोन-तीन एकादशा झाल्या आणि पाणी निवळायला लागलं. नाना ते मनात समजले.

गणपती झाले आणि नानांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी. महिनाभर वाकायचं नाही, हात पाण्यात घालायचा नाही. टाकीचं काय?

"तूच कर," नाना म्हणाले.

"मी? माशाच्या पाण्यात हात घालू? आणि मग पूजा करू?"

दोन दिवस कुंदाबाई टाकीला लांबूनच वळसा घालून जात होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे, अंघोळीच्या आधी, पदर खोचून त्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. दोन बोटं पाण्यात घातली नि झटकन काढली. पुन्हा घातली. मग मनगट. मग कोपर. अंघोळीआधी टाकी, अंघोळीनंतर देव, असा त्यांनीच तोडगा काढला.

नळाला दिवसाआड पाणी. बदलायचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावं लागे. पहिल्यांदा त्यांनी ते देवाच्या तांब्याच्या कळशीत भरलं. नाना खाटेवरून ओरडले, "तांब्याचं नको! तांबं मानवत नाही त्यांना!" "देवाले मानवते, याईले नाही मानवत!" असं पुटपुटत त्यांनी प्लास्टिकची बादली घेतली. काढलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत. दिवा देवाच्या दिव्याबरोबर लावायचा, सांजवात झाल्यावर थोड्या वेळानं मालवायचा. दाणे एकदाच, नैवेद्य दाखवून झाल्यावर.

मित्रांनो, आम्हा झाडांना लाड कळत नाहीत, नेम कळतो. रोज तोच उजेड, तोच काळोख, तेच निवळ पाणी मिळालं की आम्हाला धीर येतो. माझी पानं टाकीभर पसरली. कुंदाबाई त्यांच्याकडे बघत बघत स्तोत्र म्हणायच्या, आणि गप्पी पानांतून लपंडाव खेळायच्या. नानांनी एकदा एका डोळ्यानं पाहून म्हटलं, "अवं, हे टाकीत आहे की यावलच्या पाटात?" कुंदाबाई लाजल्या.

मी खाली, वाळूत, चोरून एक तयारी करत होतो. तीन महिन्यांचं साठवलेलं सगळं एका जागी आणत होतो. आश्विनात एक दिवस माझ्या गाभ्यातून दांडी निघाली. तिला पान नव्हतं, फक्त टोकाला मिटलेलं बोंड होतं. मला वाटलं, आता ओरडून सांगावं! पण कंदाला तोंड कुठलं?

त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी कुंदाबाई लहान कात्रीनं पिवळी पानं काढायच्या, नीलेशनंच तसं सांगितलं होतं. एक पिवळं काढलं, दुसरं काढलं. मग त्यांना ती दांडी दिसली.

"अगं बाई, या मॉलीनं पान खाऊन टाकलं. नुसती दांडी ठेवली," त्या म्हणाल्या, आणि कच्.

दुखलं, असं म्हणणार नाही. कुठल्या हातानं कापलं, ते मला माहीत होतं. पण आत एकदम रितं झालं.

तीन दिवसांनी नीलेशचा फोन आला, नानांच्या डोळ्याची चौकशी करायला. कुंदाबाईंनी मोठ्या हौशीनं पानांची बातमी सांगितली. "सगळी पानं साफ ठेवते बरं मी. एक तर नुसती दांडीच राह्यली होती, ती बी कापली."

 नीलेश हळूच म्हणाला, "काकू, त्या दांडीना टोकले गहूनी ओंबीसारखं काही व्हतं का?"

"होतं. हिरवं, मिटलेलं."

"काकू, ती कळी व्हती. फुलनी."

कुंदाबाईंनी फोन नानांच्या हातात दिला आणि त्या कढीपत्त्याच्या कुंडीपाशी गेल्या. कापलेल्या पानांबरोबर टाकलेली ती दांडी तिथंच वाळून पडली होती. ती उचलून पदराला पुसली. आत आल्या, टाकीसमोर पाटावर बसल्या. रडल्या नाहीत, रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मागितलं मी, दिलं त्यानं, आणि कापलं मीच," त्या म्हणाल्या.

"अवं, दुसरी येईल," नाना म्हणाले, आणि फोनवर घाईनं विचारलं, "येईल ना रे?"

"येई बी, नही बी येई. कंदनी मर्जी, नाना."

कार्तिकी एकादशीला तीन आठवडे उरले होते.

मला वाटलं, कुंदाबाई आता टाकीकडे फिरकणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी अंघोळीआधी बादली आली, नेहमीच्या वेळी दिवा लागला. फक्त शनिवारी कात्री आली नाही. त्याऐवजी त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि इतक्या हळू म्हणाल्या, की शेठलाही ऐकू गेलं नसेल, "जतन, चुकलं माझं. तुझ्यानं झालं तर कर. नाही झालं तरी मी पाणी बदलीन."

मित्रांनो, खरं सांगतो. 'कर' म्हटल्यानं माझ्यात बळ आलं नाही. 'नाही झालं तरी' म्हटल्यानं आलं.

वसुबारसेच्या दिवशी माझ्यातून दुसरी दांडी निघाली. या वेळी ती पहिल्यांदा दिसली नानांना. डोळ्याची पट्टी निघाली होती आणि नव्या नजरेनं ते घरभर जळमटं शोधत होते. "कुंदा! ओंबी! ओंबी!" हातातला झाडू टाकून ते ओरडले. कुंदाबाई अनारशाच्या पिठाचे हात घेऊन धावल्या.

दिवाळीत त्या घरात आकाशकंदिलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाडव्याला दांडी निम्म्या पाण्यात, भाऊबीजेला पाण्याच्या वर. झाकणाला टोक टेकलं तसं नानांनी झाकणच काढलं आणि दिवा उंच टांगला. शेठ उडी मारील, ही भीती. म्हणून कुंदाबाईंनी अर्ध्या टाकीवर मच्छरदाणीचा तुकडा पसरला. वरची हवा कोरडी, म्हणून त्या दिवसातून चार वेळा ओल्या बोटांनी बोंडावर थेंब सोडायच्या.

पण बोंड उघडेना. षष्ठी गेली, अष्टमी गेली. दशमीच्या संध्याकाळी धुरपदाबाई निरोप घेऊन आल्या, "गुरुजींना सांगितलं मी. द्वादशीला उद्यापन. किती पानं धरू जेवायला?"

"दहा धरा," कुंदाबाई शांतपणे म्हणाल्या. आवाजात रडू नव्हतं, पण त्यांनी बोंडाकडे पाहिलं नाही.

मी माझ्याकडचं शेवटचं होतं नव्हतं ते वर पाठवलं.

एकादशीला पहाटे कुंदाबाई नेहमीप्रमाणे आल्या, पदर खोचला, मच्छरदाणी बाजूला केली. आणि हात तसाच राहिला. बोंडावरची साल गळून पाण्यावर तरंगत होती. दांडीच्या टोकाला पांढरंशुभ्र, बोटभर लांबीचं कणीस उभं होतं. खालची फुलं उमललेली, वरची अजून मिटलेली. मधासारखा मंद वास येत होता.

"अहो!" एवढाच आवाज निघाला.

नाना आले. आधी चष्मा शोधला, मग आठवलं, आता चष्मा लागत नाही. वाकून पाहता पाहता म्हणाले, "कुंदा, हे एक फूल नाही. नीट बघ. बारकी बारकी फुलं आहेत, एकावर एक."

काडीच्या टोकानं ते मोजायला लागले. शेठ खालून बघत होता. "एकशे सात."

"वरची सोडली तुम्ही. परत मोजा."

"वरच्या कळ्या धरून… एकशे चोवीस."

कुंदाबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. "अहो, आषाढी ते कार्तिकी दिवस किती? एकशे अठरा होतात यंदा." त्यांचे डोळे भरून आले. "रोजचं एक, असं चार महिन्यांचं सगळं एकदम दिलं त्यानं. आणि वर सहा!"

"वरचे सहा माझे," नाना म्हणाले. "कांद्याच्या कढईतून मी वाचवला त्याला."

आता तोडायचं कसं? कात्री घरात होती, पण तिचं नाव कुणी काढलं नाही. अंघोळ झाल्यावर कुंदाबाईंनी टाकीच्या कडेला पाट लावला. ताम्हनात बाळकृष्णाला घेऊन आल्या आणि पाटावर ठेवलं. माझी दांडी लांब, मऊ, लवचीक. त्यांनी ती ओल्या हातानं हळूच काचेवरून खाली वाकवली. माझं मूळ वाळूत होतं, पानं पाण्यात होती, आणि फूल देवाच्या पायाशी टेकलं होतं.

मित्रांनो, असं भाग्य कुठल्या बागेतल्या फुलाला मिळत असेल, मला माहीत नाही. त्याला आधी झाडापासून तुटावं लागतं.

पूजा होताच त्यांनी दांडी परत पाण्यावर सोडली. वरच्या कळ्यांचे दिवस अजून यायचे होते. दुपारी धुरपदाबाई डोकावल्या आणि दारातच थबकल्या. "बाई बाई! म्हणजे उद्यापन नाही? मग माझ्या दहा पानांचं काय?"

"पानं राहू द्या तशीच," कुंदाबाई हसून म्हणाल्या. "पुरण घालते. व्रत चालू राह्यलं, त्याचं जेवण."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मधल्या काळात मला कितीतरी कणसं आली. एका वर्षी बी धरलं, आणि माझी दोन पोरं आज धुरपदाबाईंच्या घरच्या टाकीत आहेत. त्यांच्याकडेही आता एकादशीला माशांना उपास असतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगून ठेवतो. फुलून झालं की मी थकतो. माझी पानं पिवळी होऊन विरघळतात आणि वाळूत फक्त एक काळा गोळा उरतो. पहिल्या वर्षी पाहुणे म्हणाले, मेलं ते, टाकून द्या. कुंदाबाई म्हणाल्या, "झोपला तो. चार महिने देव झोपतो, तर याला झोप नको का?" आणि त्यांनी मला वाळूतच राहू दिलं.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरी काही जिवंत असेल, टाकीत, कुंडीत, पिंजऱ्यात, तर त्याला लाडापेक्षा नेम द्या. कळत नसेल तिथं कात्री लावण्याआधी कुणा जाणत्याला विचारा. आणि एखादं निपचित पडलेलं दिसलं, तर लगेच टाकू नका, थोडी वाट पाहा.

परवाच कार्तिकी झाली. माझं शेवटचं पान काल गळालं. मला आता गाढ झोप येते आहे. कुंदाबाई बादली घेऊन आल्या आहेत, पाणी बदलण्याचा आवाज येतो आहे, आणि त्या हळू आवाजात म्हणताहेत, "नीज बाबा. मी आहे इथं."